परसबागेतील कांदा : बिघाड नेमका कुठे होतो?



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर परसबागेचे काम पाहताना हिवाळ्यात एकच मागणी पुन्हा पुन्हा ऐकू येते: कांद्याला काहीतरी औषध द्या. कुणाची पात टोकाकडून पिवळी पडलेली असते, कुणाचा कांदा फुलावर आलेला असतो, कुणाकडे पात गुडघ्याइतकी वाढलेली असते पण उपटून पाहावे तर खाली काहीच धरलेले नसते. आपल्या मंडळीतील ज्या भगिनी शहरात घराच्या अंगणात किंवा गच्चीवर कांदा लावतात, त्यांचीही तक्रार हीच असते.

या अंकाचा पाठ म्हणूनच कांद्यावर घेतला आहे. पाड्यावर कार्यकर्ते म्हणून जाणाऱ्यांना तो उपयोगी पडावा, बियाण्यासाठी देणगी देणाऱ्यांनाही आपली मदत जमिनीत उतरल्यावर तिचे काय होते हे कळावे, आणि घरी दोन वाफे करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा, असा हेतू आहे.

कांदा म्हणजे काही चैनीची भाजी नव्हे. भाकरी, मीठ-मिरची आणि फोडलेला कांदा एवढ्यावर दुपार निघते. अरण्यात असताना लोकांना मिसरातल्या कांद्या-लसणाची आठवण झाली असे गणनाच्या अकराव्या अध्यायात आहेच. पावसाळ्यात पाड्याची वाट चिखलाची होते, बाजाराला जाणे अवघड होते आणि हाती पैसा नसतो. अशा वेळी घरात टांगलेली कांद्याची माळ फार कामाची असते. पण कांद्याचा वाफा एकदा फसला की ते घर पुढच्या वर्षी परसबागेचे नावच काढत नाही. बाकीच्या भाज्यांचे बीही मग तसेच पडून राहते. म्हणून पहिलाच वाफा नीट यायला हवा.

आता मूळ गोष्ट. कांद्याचा बिघाड आज पानावर दिसत असला, तरी तो बहुधा महिना-दोन महिन्यांपूर्वी झालेला असतो. त्यामुळे औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. बी कोणत्या जातीचे होते? कधी पेरले? रोप किती दिवसांचे असताना लावले? किती खोल लावले? पाणी कसे दिले? दहापैकी सात-आठ वेळा उत्तर यातच सापडते, आणि ते सापडले तर औषधाचा खर्च वाचतो.

आधी हंगाम पाहावा

माणसाला वाटते, रोप मोठे झाले की कांदा धरेल. कांद्याचा हिशोब तसा नाही. गड्डा धरायची वेळ तो रोपाच्या वयावरून ठरवत नाही, दिवसाची लांबी आणि उष्णता यांवरून ठरवतो. आपल्याकडचा उन्हाळी कांदा, ज्याला रब्बी कांदा म्हणतात, फेब्रुवारीत दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन तापू लागले की गड्डा भरू लागतो. त्या वेळी रोप चांगले सात-आठ पातींचे असेल तर गड्डा मुठीएवढा होतो. रोप उशिरा, म्हणजे जानेवारीच्या शेवटी लावले असेल, तर तीन-चार पाती असतानाच त्याला गड्डा धरायचा इशारा मिळतो. मग जी निपजते ती चिंगळी. तिला कितीही खत घाला, ती चिंगळीच राहते.

उलट, रोप फार लवकर लावले आणि थंडी पडण्याआधीच ते जाड झाले, तर काही आठवड्यांच्या थंडीनंतर त्याला फुलाचा दांडा येतो. यालाच डेंगळे येणे म्हणतात. लवकर लावले तर डेंगळे, उशिरा लावले तर चिंगळी. मधली योग्य मुदत फार रुंद नाही. रब्बी कांद्याचे बी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पडावे आणि सात-आठ आठवड्यांची रोपे डिसेंबरात, फार तर जानेवारीच्या सुरुवातीला वाफ्यात जावीत. काढणी एप्रिलमध्ये येते.

महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत घेतात: खरीप, रांगडा आणि रब्बी. खरिपाचा कांदा पावसात वाढतो. नाशिक-पुण्याकडच्या बेताच्या पावसात ते जमते. जव्हारसारख्या, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या डोंगरात परसातल्या खरीप कांद्याच्या नादी लागू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. मुळे कुजतात आणि पातीवर करपा येतो. त्यातूनही जो कांदा हाती लागतो तो महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त टिकत नाही. आपल्याला पावसाळ्यात खायला कांदा हवा असेल तर तो पावसाळ्यापूर्वी पिकलेला हवा. तो रब्बीचाच.

जात निवडतानाही हेच पाहावे. रब्बीसाठी एन-२-४-१ ही निफाडची जुनी, टिकाऊ जात आहे. ऍग्रीफाउंड लाईट रेड आहे. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा किरण आणि भीमा शक्ती आहेत. बसवंत-७८०, एन-५३, ऍग्रीफाउंड डार्क रेड या खरिपाच्या जाती. दुकानदाराकडे खरिपाचे बी उरलेले असते आणि तो ते स्वस्तात देतो. ते डिसेंबरात लावले की डेंगळे आणि जोडकांदे यांचा नुसता सुकाळ होतो. पाकिटावर जातीचे नाव वाचल्याशिवाय बी घेऊ नये.

येथे परदेशातील आपल्या स्नेह्यांसाठी एक शब्द. इंग्लंड-अमेरिकेत राहणारे काही जण प्रेमाने तिकडच्या मोठ्या, गोड कांद्याचे बी पाठवण्याची तयारी दाखवतात. उत्तरेकडच्या त्या जातींना गड्डा धरण्यासाठी चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. ते बी उगवते, हिरवीगार पात येते, आणि कांदा कधीच धरत नाही. शिवाय परवान्याशिवाय बियाणे देशात आणणे नियमाला धरून नाही. म्हणून बी पाठवू नये.

बी जुने झाले की नव्हते

कांद्याचे बी फार अल्पायुषी. साध्या साठवणीत ते जेमतेम वर्षभर टिकते, आणि दमट हवेत त्याहूनही लवकर मरते. मदतीचे सामान बहुतेक ठिकाणी जूनमध्ये, शाळेच्या वह्या-छत्र्यांबरोबर वाटले जाते, आणि त्याच गाठोड्यात कांद्याचे पाकीटही जाते. ते चार महिने पावसाळी दमट घरात आढ्याला खोचून ठेवलेले असते. ऑक्टोबरात पेरावे तर निम्मेही उगवत नाही. त्या बाईला वाटते आपला हात लाभला नाही.

म्हणून कांद्याचे बी सप्टेंबरच्या शेवटी, त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये तयार झालेले, तारीख पाहून घ्यावे आणि लगेच वाटावे. वाटण्यापूर्वी ५० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात, फडके ओलसर ठेवावे आणि आठ-दहा दिवसांनी मोजावे. ३५ किंवा अधिक बियांना मोड आले तर बी चांगले. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के धरतात ती हीच. २५ ते ३५ असतील तर थोडे दाट पेरावे. २५ पेक्षा कमी असतील तर ते बी कुणालाही देऊ नये, मग देणगी देणाऱ्याला वाईट का वाटेना.

बी किती द्यावे हेही सांगतो, कारण यात आपल्याकडे बरीच उधळपट्टी होते. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बिया असतात. एका घराच्या तीन वर्गमीटरच्या वाफ्याला २०० रोपे लागतात. उगवण आणि मर धरली तरी दोन ग्रॅम बी पुरेसे होते. म्हणजे दहा ग्रॅमच्या एका पाकिटात पाच-सहा घरे भागतात. अर्ध्या किलोचा डबा घेऊन तो एका पाड्यावर रिकामा करण्यात अर्थ नाही.

त्याहून बरे म्हणजे बी घरोघर न देता, ज्या घराजवळ पाणी आहे आणि कोंबड्यांना आवर आहे अशा एका घरी एक वर्गमीटरची रोपवाटिका करावी आणि तयार रोपे वाटावीत. दहा ग्रॅम बियाला एवढी जागा पुरते.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण बोलायला हवी. कांदा हे दोन वर्षांचे पीक आहे: पहिल्या वर्षी गड्डा, दुसऱ्या वर्षी तो गड्डा पुन्हा लावल्यावर फूल आणि बी. पाड्यावर बी विकत घेणे जड जाते, म्हणून पहिल्याच वर्षी डेंगळे आलेल्या झाडाचे बी हौसेने राखून ठेवले जाते. त्या बीतून पुन्हा लवकर डेंगळे येणाऱ्याच झाडांचा भरणा होतो, आणि दोन-तीन वर्षांत वाफ्यात गड्डे कमी नि गोंडे जास्त दिसू लागतात. बी राखायचे तर चांगले टिकलेले, एकडोळी, पातळ मानेचे गड्डे निवडून नोव्हेंबरात लावावेत आणि उन्हाळ्यात त्यांचे बी धरावे.

रोप कोलमडणे

उगवलेली रोपे आठ-पंधरा दिवसांची असताना जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. सकाळी पाहावे तर वाफ्यात टक्कल पडल्यासारखी जागा, आणि संध्याकाळपर्यंत ती आणखी वाढलेली. ही मर. जमिनीतल्या बुरशीने होते आणि दाट पेरणी, साचलेले पाणी व कच्चे शेण यांवर पोसते.

यावर उपाय पेरणीआधीच करायचा असतो. वाफा गादीसारखा, भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा. पूर्ण कुजलेले शेणखत घालावे. ट्रायकोडर्माची भुकटी मिळाली तर ती खतात मिसळून घालावी. बी फेकून न देता बोटभर अंतराच्या ओळींत, एक सेंटीमीटर खोल पेरावे. फेकून पेरलेल्या रोपांत तण काढायला हातच जात नाही. पाणी झारीने, किंवा डब्याला भोके पाडून द्यावे. मर दिसलीच तर दोन दिवस पाणी तोडावे, पडलेली रोपे मातीसकट उचलून लांब टाकावीत. बहुधा तेवढ्याने ती थांबते.

लावताना

लावणीचे दोनच नियम आहेत, आणि दोन्ही मोडले जातात. पहिला, खोल लावू नये. भात लावणारा हात चिखलात रोप खुपसायला सरावलेला असतो, पण कांद्याला ते चालत नाही. मूळ झाकले जाईल एवढेच, दोन सेंटीमीटरच्या आसपास लावावे. खोल गेलेला कांदा लांबट, बाटलीसारखा होतो. गड्डा भरताना तो मातीच्या वर डोके काढतो. ते पाहून वरून माती ओढायची फार इच्छा होते. ओढू नये, त्याला उघडेच राहायचे असते.

दुसरा, अंतर. ओळीत १५ सेंटीमीटर, रोपारोपांत १० सेंटीमीटर, म्हणजे एका वर्गमीटरमध्ये साधारण ६६ रोपे. यापेक्षा दाट लावले तर गड्डे लहान राहतात, फार विरळ लावले तर जोडकांदे आणि जाड मानेचे कांदे वाढतात. रोपाची पात वरून एक तृतीयांश कापून लावले तर रोप लवकर सावरते. जागा उन्हाची हवी. केळीच्या किंवा शेवग्याच्या सावलीत लावलेल्या कांद्याला पात येते, गड्डा येत नाही. परसात रिकामी जागा म्हणून नेमकी तीच निवडली जाते.

हंड्याचा हिशोब

यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण पाड्यावरचा कांदा पाण्यावाचून जेवढा जातो तेवढा रोगाने जात नाही.

कांद्याची मुळे आखूड, वरच्या वीतभर मातीतच असतात. खाली ओल असली तरी ती त्याला मिळत नाही. हिवाळ्यात एका वर्गमीटर वाफ्याला दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागते असे धरावे. तीन वर्गमीटरचा वाफा म्हणजे बारा ते पंधरा लिटर, अर्थात रोज एक हंडा. हा हंडा कुणाच्या तरी डोक्यावरून येतो, आणि जानेवारीनंतर विहीर खाली जाते तशी वाटही लांबते. म्हणून वाफा किती मोठा करायचा हे जागेवरून ठरवू नये, घरात एक जादा हंडा रोज कोण आणणार यावरून ठरवावे. हात धुतल्याचे, भाजी-तांदूळ धुतल्याचे पाणी वाफ्याकडे वळवता आले तर अर्धा हंडा वाचतो. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र नको; त्याने पातीची टोके करपतात.

मुरमाड जमिनीत रोज शिंपडण्यापेक्षा एक दिवसाआड दोन हंडे सावकाश द्यावेत. रोजच्या शिंपडण्याने फक्त वरचा पापुद्रा भिजतो. वाफ्यावर भाताचा पेंढा पातळ पसरला तर ओल टिकते आणि तणही कमी येते. कांद्याची पात उभी नि बारीक असल्यामुळे तिची सावली पडत नाही, म्हणून पहिले दोन महिने तण फार माजते. खुरपणी वरवरची करावी; खुरपे खोल गेले की मुळे तुटतात.

पाण्यात खंड पडला आणि मग एकदम भरपूर पाणी दिले, की आतून दोन डोळे फुटून जोडकांदा होतो, किंवा वरचा पापुद्रा फुटतो. जोडकांद्यात वाईट काही नाही, चवीला तोच, पण तो टिकत नाही. तो आधी खाऊन टाकावा.

आता खरा प्रश्न. भात कापून झाले की या भागातली अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात आणि थेट उन्हाळ्याच्या शेवटी परततात. कांद्याला पाणी लागते नेमके त्याच दिवसांत. ज्या घराला डिसेंबर ते एप्रिल कुलूप असते, त्या घराला कांद्याचे रोप देऊ नये. यादीत नाव भरण्यासाठी दिले तर रोपही जाते आणि त्या कुटुंबाच्या माथी अपयशही येते. त्यांना जूनमध्ये दोडका, काकडी, भेंडी, घेवडा द्यावा; पावसाच्या पाण्यावर येईल असे. जिथे आजी-आजोबा मागे राहतात तिथे एक वर्गमीटरचा वाफा करावा. तिथे तीन वर्गमीटरचा आग्रह धरू नये, कारण तो हंडा आजीलाच उचलायचा असतो.

या वाफ्यातून निघते तरी किती? गड्डा सरासरी ५० ग्रॅमचा धरला तर तीन वर्गमीटरमध्ये दहा किलो. आठवड्याला एक किलो खाल्ला तर दहा आठवडे. जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत घरचा कांदा. विकून पैसा करण्याइतका हा कांदा नाही, आणि तसे कुणाला सांगूही नये.

पात पिवळी पडते, वाकडी होते

येथे खरोखर कीड-रोग असू शकतो, पण आधी सोपी कारणे पाहावीत. खालची एक-दोन पाने पिवळी होऊन सुकणे हा कांद्याचा स्वभाव आहे. सगळ्या पातींची फक्त टोके जळली असतील तर पाणी कमी पडते आहे किंवा पाणी खारट-सोड्याचे आहे. सगळे झाडच फिकट पिवळे आणि खालची माती चिखल असेल तर पाणी जास्त झाले आहे.

पातीवर चंदेरी-पांढरे चट्टे आणि पात वेडीवाकडी दिसली, तर फुलकिडे. मधली कोवळी पात अलग करून पांढऱ्या कागदावर झटकावी. पिवळसर, जिऱ्याहून बारीक किडे पळताना दिसतील. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात ते वाढतात. थोडे असतील तर सकाळी पातीवर जोराने पाणी मारले तरी बरेच धुऊन जातात. जास्त असतील तर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळावी, त्यात थोडे साबणाचे पाणी घालावे आणि संध्याकाळी फवारावे. साबण हवाच, कारण कांद्याची पात मेणचट असते, पाणी घसरून जाते. फवारा मधल्या पोंग्यात उतरला पाहिजे. किडे तिथे बसतात. वाफ्याच्या कडेने मक्याच्या दोन ओळी आधीच लावल्या तर फुलकिड्यांना आडोसा होतो, वर मुलांना कणसे मिळतात.

पातीवर खोलगट पांढुरके ठिपके, त्यांच्या मध्यभागी जांभळट रंग, आणि पात तिथेच मोडून पडते: हा जांभळा करपा. ढगाळ हवा, दव आणि अवकाळी पाऊस यांत तो येतो. फुलकिड्यांच्या जखमांतून तो सहज शिरतो. रोगट पाती तोडून जाळाव्यात, पाणी पातीवर न मारता मुळाशी द्यावे, आणि पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात कांदा-लसूण लावू नये. बाजारातले बुरशीनाशक परसबागेत शक्यतो टाळावे, असे आम्ही म्हणतो. शेतकऱ्याला ते लागते हे खरे. पण परसातल्या कांद्याची पात मुले येता-जाता तोडून खातात, आणि फवारणीनंतर किती दिवस थांबायचे हे त्यांना कुणी सांगत नाही. फवारायचेच असेल तर कृषी सहाय्यकाला विचारून, पाकिटावरच्या प्रमाणात, आणि वाफ्याला काटे लावून.

युरियाविषयी एवढेच: लागवडीनंतर दीड महिन्याच्या पुढे युरिया देऊ नये. उशिरा दिलेल्या युरियाने पात हिरवीगार होते, शेजारीण कौतुक करते, आणि कांद्याची मान जाड राहते. जाड मानेचा कांदा वाळत नाही आणि मानेतूनच सडतो.

डेंगळे आलेच तर दांडा कोवळा असताना मोडून भाजीत घालावा. दांडा मोडल्याने आतला कठीण दांडा नाहीसा होत नाही, त्यामुळे असा कांदा साठवणीत ठेवू नये. काढला की खावा.

काढणी आणि साठवण

एवढे सांभाळलेला कांदा शेवटच्या पंधरा दिवसांत घालवतात, म्हणून इकडे नीट लक्ष द्यावे.

एप्रिलमध्ये पात आपोआप माना टाकू लागते. निम्म्या झाडांनी माना टाकल्या की काढणीची वेळ झाली. पण पाणी त्याच्याही दोन-तीन आठवडे आधी तोडायला हवे. हे बायकांना पटत नाही; इतके दिवस हंडे वाहून जगवलेल्या झाडाला ऐन उन्हात कोरडे ठेवणे जिवावर येते. पण शेवटी पाणी पिऊन फुगलेला कांदा जूनच्या पहिल्या दमट आठवड्यात सडतो. पाय देऊन माना मोडण्याचीही पद्धत आहे. ती करू नये, जखमेतून सड शिरते.

उपटलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस वाफ्यातच ओळीने ठेवावा, असा की एका ओळीची पात मागच्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल. उघड्या गड्ड्यावर एप्रिलचे ऊन पडले तर तो भाजतो. अवकाळी पावसाचे ढग दिसले तर सगळे उचलून पडवीत न्यावे. मग सावलीत दहा-पंधरा दिवस वाळवावा. पात पूर्ण वाळल्यावर मान दोन-तीन सेंटीमीटर ठेवून कापावी. अगदी गड्ड्यालगत कापले की बुरशीला दार उघडे.

किंवा पात कापूच नये. अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, भात निघाल्यावरच्या जमिनीत पिकतो आणि वाळलेल्या पातीची वेणी घालून माळा करून विकला जातो. रस्त्याकडेला टांगलेल्या त्या माळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. पाड्यावरच्या घरासाठी हीच रीत उत्तम. चाळ बांधण्याचा खर्च नाही, माळ आढ्याला टांगली की चहूबाजूंनी वारा लागतो, आणि चुलीच्या वरच्या अंगाला असेल तर पावसाळ्यातही कोरडी राहते. प्लास्टिकच्या गोणीत किंवा सारवलेल्या जमिनीवर ढीग करून ठेवलेला कांदा मात्र ओल धरतो. बटाट्याबरोबरही ठेवू नये.

माळेत घालताना निवड करावी. जोडकांदे, डेंगळे, जाड मानेचे, खुरपे लागलेले कांदे बाजूला काढून मे महिन्यातच खावेत. माळेत फक्त एकडोळी, पातळ मानेचे, कडक पापुद्र्याचे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा माळेवरून हात फिरवावा. मऊ लागला तो काढावा, नाहीतर शेजारचे चार घेऊन जातो. पापुद्र्याखाली काजळीसारखी काळी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. वरची एक-दोन सालेच काळी असतील तर ती काढून, कांदा धुऊन वापरावा. आत शिरली असेल तर फेकावा.

ऑगस्ट-सप्टेंबरकडे काहींना कोंब फुटतात. ते कुंडीत किंवा ओट्याच्या कडेला मातीत खोचावेत. दोन-तीन आठवड्यांत भाजीपुरती पात मिळते, आणि तोवर नव्या बियांची उगवण तपासण्याचे दिवस येतात.